पडद्यावर दोन, बाटलीत चार

"सिस्टर, हॉल भरला! दोनशे माणसं बसलीत. कॅमेऱ्याला पांढरं दाखवा, चला, चला!"

प्रक्षेपणवाल्याने दाराच्या फटीतून डोकं आत घातलं, एवढं बोलला आणि गडप झाला. नंबरबाईंच्या छातीत ढोल वाजायला लागले. सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेली ही बाई. त्यांच्यासमोर नळ्या फुटल्या होत्या, ऐन वेळी दिवे गेले होते, एकदा तर एक धडधाकट शिकाऊ डॉक्टर पेशंटच्या आधी बेशुद्ध पडला होता. पण बाईंचा हात कधी थरथरला नव्हता. आज मात्र हातमोजे चढवताना त्यांनी डावा मोजा उजव्या हातात घातला आणि स्वतःशीच हसल्या. म्हातारपणी गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

दुर्बिणीचं ऑपरेशन सुरू करण्याआधी कॅमेऱ्याला काहीतरी पांढरंशुभ्र दाखवावं लागतं. तो ते बघतो, बटण दाबलं की "हे पांढरं" असं मनाशी पक्कं करतो आणि मग बाकीचे सगळे रंग त्यावरून ठरवतो. साधं काम, दहा सेकंदांचं. बाईंनी ट्रेच्या कडेचा गॉजचा, म्हणजे जखमेच्या जाळीदार कापडाचा, तुकडा उचलला, दुर्बिणीसमोर धरला, बटण दाबलं. पेशंटच्या डोक्यापाशी बसलेल्या भूलवाल्या मॅडमचा छोटा दिवा सोडला तर खोलीतले दिवे तोवर मंद झाले होते.

"झालं सर."

"चला मग," मोठे डॉक्टर म्हणाले आणि दुर्बीण नाकात शिरली.

टेबलावर होता एका खाणावळीतला स्वयंपाकी. नाकात मांसाचे गोळे वाढून सात वर्षं त्याला कसलाच वास येत नव्हता. सकाळी स्ट्रेचरवर आडवा होऊन तो बाईंना सांगत होता, "परवा दूध करपलं सिस्टर. शेजारचे पळत आले, आणि मी आपला शेगडीसमोर उभा! मालक म्हणाला, आता एक तर नाक दुरुस्त कर, नाही तर दुसरं काम बघ." बाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं होतं. "उठशील तेव्हा आमच्या थिएटरचा वास आधी येईल, तयारी ठेव," असंही सांगितलं होतं.

आता बाईंना नंबरबाई का म्हणायचे ते सांगायला हवं. नाकाच्या आत डॉक्टरला जे दिसतं ते पडद्यावरच. तिथे रक्त साचलं की डॉक्टर आंधळा. एका बाजूला डोळा, वर मेंदू, मधली हाडं कागदाएवढी पातळ. म्हणून रक्त किती येतंय आणि दिसतंय किती, याला शून्य ते पाच असे नंबर द्यायची पद्धत आहे. शून्य म्हणजे कोरडं. दोन म्हणजे अधूनमधून ओढून घेतलं की भागतं. चार म्हणजे सक्शनची नळी बाजूला केली रे केली की लाल भरून येतं. पाच म्हणजे थांबा, जीव वाचवा.

थिएटरातल्या प्रबंधवाल्या डॉक्टरणीने यावरच अभ्यास मांडला होता. तीस ऑपरेशनं, दर दहा मिनिटांनी नंबर, नंबर देणारे तिघं. एक स्वतः मोठे डॉक्टर, दुसरी ती, तिसऱ्या आपल्या बाई. डॉक्टरांचे नंबर नेहमी कमी यायचे. आपल्या हाताने काढलेलं रक्त कुणाला जास्त वाटतं? आपला तो बाब्या. बाईंना मात्र असली माया नव्हती. नळी बाजूला झाली की त्या मास्कच्या आत ओठ हलवत मोजायच्या, एक, दोन, तीन, आणि लाल रंग नाकातल्या मधल्या पडद्याच्या कडेला पोचला की थांबायच्या. डॉक्टरणीने महिन्याभराने जुन्याच चित्रफिती गुपचूप पुन्हा दाखवल्या, तेव्हा दोन्ही डॉक्टरांनी निम्म्या ठिकाणी आपले नंबर बदलले. बाईंनी एका ठिकाणी. डॉक्टरीण तो कागद घेऊन पळतच आली होती.

"सिस्टर, तुमचं नाव शोधनिबंधात जाणार! वर, आमच्या नावांच्या ओळीत. या हॉस्पिटलात आजवर एकाही सिस्टरचं गेलेलं नाही!"

तिसातली एकोणतीस झाली होती. आज शेवटचं, तेही डॉक्टरांच्या परिषदेला थेट दिसणारं. घरी बाईंच्या नवऱ्याने (तो शिलाई मशिनी दुरुस्त करायचा) सकाळी गणवेशाला स्वतः इस्त्री केली होती.

"आडनाव कुठलं घालणार? माझं की माहेरचं?"

"अजून छापून कुठं आलंय?"

"नाही, मी म्हणतो, दोन्ही घाल. जागा आहे का विचारून बघ."

बसमध्ये बाई एकट्याच हसत आल्या होत्या.

"दहा मिनिटं," टेबलाशी वही घेऊन उभी असलेली डॉक्टरीण म्हणाली.

"एक," बाई म्हणाल्या.

भिंतीवरच्या स्पीकरमधून हॉलची कुजबुज ऐकू येत होती. मोठे डॉक्टर खुशीत होते. माणूस हाताचा हुशार आणि प्रेक्षक मिळाले की जिभेचाही. "हे बघा, हा गोळा द्राक्षासारखा सुटून येतो," असं म्हणत त्यांनी एकेक गोळा बाहेर काढला आणि हॉल खूश झाला.

"वीस मिनिटं."

"दोन."

"माझेही दोन," डॉक्टर म्हणाले. "बघा, आज आमचं आणि सिस्टरचं जमलं. नाही तर या मला कायम नापास करतात."

हॉल हसला. बाईही हसल्या, मास्कच्या आत. आपल्याबद्दल दोनशे डॉक्टर हसतायत, तेही कौतुकाने, हे त्यांना शाळेत कधी न मिळालेल्या बक्षिसासारखं वाटत होतं.

"तीस मिनिटं."

"दोन," बाई म्हणाल्या. आणि त्यांच्याच कानाला ते खटकलं.

ओठ काही वेगळं सांगत होते. डॉक्टरांनी नळी उचलली, बाईंनी मोजायला सुरुवात केली आणि एकवरच मधल्या पडद्याची कड बुडाली. पण बुडाली ती कशात? पडद्यावर दिसत होतं ते धड लाल नव्हतं. फिकट, मळकट जांभळं, कपडे खळबळल्यावर राहतं तसलं पाणी.

"सर, पटकन भरतंय."

"लेन्स धुतली ना आत्ता, त्याचं पाणी आहे ते." डॉक्टर पुढे सरकत होते. "आता आपण डोळ्याच्या भिंतीकडे चाललोय. इथला शेवटचा गोळा काढला की झालं."

भूलवाल्या मॅडम मान न वळवता म्हणाल्या, "नाडी जरा वाढतेय हं."

पाणी असेल, बाईंनी स्वतःला समजावलं. सर म्हणतात, दोनशे माणसं बघतायत, आपण एकट्याच कशाला शहाण्या? पण सव्वीस वर्षांची सवय गप्प बसू देईना. त्यांनी खाली वाकून सक्शनची बाटली बघितली. साडेपाचशे मिली. धुण्यासाठी लावलेली सलाईनची पिशवी बघितली. त्यातलं जेमतेम दोनशे संपलं होतं. मग उरलेलं साडेतीनशे आलं कुठून?

त्यांनी डॉक्टरांच्या हाताकडे पाहिलं. मॅडमच्या दिव्याच्या उजेडात मोज्याच्या बोटांवरचं रक्त लालभडक होतं. पडद्यावर तेच रक्त जांभळट दिसत होतं. बाईंची नजर ट्रेच्या कडेकडे गेली. मघाचा गॉजचा तुकडा तिथेच पडला होता. त्यांनी तो चिमट्यात उचलून दिव्यापुढे धरला.

पिवळा. चेहरा पुसायच्या औषधात बुडून निघालेला, मंद उजेडात पांढरा भासलेला.

पिवळ्यालाच पांढरं समजून कॅमेऱ्याने लाल रंग मागे ढकलला होता. गेला अर्धा तास सगळे रक्ताला पाणी समजत होते, आणि हे सगळं त्यांच्या दहा सेकंदांच्या घाईचं फळ होतं.

"सर, थांबा."

"एक मिनिट."

"एक मिनिट नाही. आत्ता. हत्यार मागे घ्या."

मोठ्या डॉक्टरांशी या आवाजात त्यांच्या आईनंतर कुणी बोललं नसावं. हत्यार जिथल्या तिथे थबकलं. डॉक्टरणीने हातातली वही खाली ठेवली.

"चार आहे सर. दोन नाही, चार."

स्पीकरमधून एक मोकळा, चेष्टेखोर आवाज आला. "सिस्टर, आम्हाला सगळ्यांना दोनच दिसतंय की!"

"पडदा खोटा आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढला होता आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती. "बाटली बघा. साडेतीनशे रक्त आहे त्यात. कॅमेऱ्याला मी पांढरं चुकीचं दाखवलं. गॉज पिवळं होतं. चूक माझी आहे. दुर्बीण बाहेर काढा सर, मी परत दाखवते."

डॉक्टरांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग हत्यार मागे घेतलं आणि दुर्बीण बाहेर काढली. बाईंनी नवं पाकीट फाडलं, आतलं गॉज दिव्यापुढे धरलं, उलटंपालटं करून बघितलं, मग दुर्बिणीसमोर नेलं. बटण दाबलं. लेन्स पुसली.

"जा सर."

दुर्बीण आत गेली आणि पडदा लालेलाल झाला. हॉलमधून एकदम आवाज उठला, "अरे बाप रे!" कुठेही कड दिसत नव्हती, भिंत दिसत नव्हती. नळी लावली की घटकाभर एक खड्डा दिसायचा आणि लगेच बुडायचा.

"चार," मोठे डॉक्टर हळूच म्हणाले. "बरोबर आहे. पट्ट्या द्या."

पुढची बारा मिनिटं जी काही पळापळ झाली ती बाईंना नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवत राहिली. रक्त आवळणाऱ्या औषधात भिजवलेल्या पट्ट्या एकामागून एक आत गेल्या. मॅडमनी औषध वाढवून प्रेशर खाली आणलं. पाच मिनिटं कुणी नाकाला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि ती पाच मिनिटं बाईंनी घड्याळाकडे बघत ओरडून मोजली. एक झालं! दोन झाली! मग पट्ट्या एकेक करून निघाल्या. बाई नळी धरून वाकल्या. डॉक्टर म्हणाले, "मागे, मागे, अजून मागे, हां!" आणि तिथे, गोळ्याच्या बुडाशी, एक केसाएवढी रक्तवाहिनी कारंज्यासारखी उडताना दिसली.

"सापडली! कॉटरी!"

रक्तवाहिनी जाळून बंद करणारं टोक टेकलं आणि एक बारीक चर्र आवाज झाला. कारंजं थांबलं. बाईंनी नळी बाजूला केली आणि ओठ हलायला लागले. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. कड कोरडी होती.

"दोन!" बाई ओरडल्या. "खरे दोन, सर!"

आणि तेव्हा सगळ्यांना दिसलं. ज्या जागी मघाशी हत्यार थबकलं होतं, तिथलं भिंतीचं हाड गोळ्यांच्या दाबाने आधीच झिजून गेलं होतं. डोळ्यावरचं नाजूक आवरण उघडं पडलं होतं. हत्यार जोंधळ्याच्या दाण्याएवढं पुढे गेलं असतं तर स्वयंपाक्याचा डोळा गेला असता.

मग स्पीकरमधून कुणा एकट्याची टाळी ऐकू आली, आणि पाठोपाठ अख्ख्या हॉलची. भूलवाल्या मॅडम खुर्चीतून उठून बाईंचा खांदा हलवत होत्या. बाईंचे डोळे भरून आले होते, आणि मास्कमुळे नाकही पुसता येत नव्हतं.

दुपारी रेकॉर्डिंगच्या चिंचोळ्या खोलीत डॉक्टरणीने त्यांना मिठीच मारली.

"सिस्टर, डोळा वाचवलात त्याचा! हॉलमधले सगळे तुमच्याबद्दल विचारतायत!"

"घालवलाही मीच असता."

"ते राहू द्या हो." तिने दार लोटून घेतलं. "मी काय म्हणते, कॅमेऱ्यात बिघाड झाला असं लिहू. हॉलला काय कळलंय? गडबडीत कोण काय बोललं कुणाच्या लक्षात आहे? हे ऑपरेशन अभ्यासातून वगळू, एक नवीन घेऊ, तीस पूर्ण. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"बिघाड कॅमेऱ्यात नव्हता. माझ्यात होता."

"पण तसं लिहिलं तर परीक्षक विचारतील, बाकीच्या एकोणतीस वेळी यांनी पांढरं बरोबर दाखवलं होतं कशावरून? कॅमेऱ्याला पांढरं नेहमी तुम्हीच दाखवता. माझा सगळा प्रबंध कोसळेल, सिस्टर." तिचा चेहरा रडवेला झाला.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "रेकॉर्डिंग कधी सुरू होतं?"

"दुर्बीण जोडली की लगेच. का?"

"मग पहिलं काय दिसतं त्यात? गॉजच ना? लाव बरं पहिलं ऑपरेशन."

डॉक्टरणीची बोटं भराभर चालायला लागली. पडद्यावर गॉज आलं. पांढरं, कडेला बाईंच्या मोज्यातलं बोट. बटण दाबायच्या आधी पांढरं, दाबल्यावरही पांढरं. दुसरं. पांढरं. तिसरं, चौथं. मोठे डॉक्टर कधी आत आले आणि मागे उभे राहिले ते दोघींना कळलं नाही. सातव्यात बोटावर चिकटपट्टी होती, त्या दिवशी बाईंचं बोट विळीने कापलं होतं. अकराव्यात गॉज जरा चुरगळलेलं होतं. पांढरं. डॉक्टरीण आता मोठ्याने मोजत होती, "सतरा पांढरं! अठरा पांढरं!" आणि प्रत्येक वेळी बाईंचा जीव वर जाऊन खाली येत होता. चोविसाव्यात कडेला सावली होती. "सावली आहे," मागून डॉक्टर म्हणाले, "पांढरं धरा." अठ्ठावीस. एकोणतीस.

"एकोणतीसच्या एकोणतीस!" डॉक्टरणीने टेबलावर मूठ आपटली.

मग तिने तिसावं लावलं. पिवळं गॉज. बटण दाबताच त्याचं पांढरं झालं. बिचारा कॅमेरा, सांगाल त्याला पांढरं म्हणणारा.

"प्रबंध वाचला," मोठे डॉक्टर म्हणाले. ते स्टूल ओढून बाईंच्या समोर बसले. तसे ते कुणासमोर बसत नसत. "आता तुमचं सांगतो, सिस्टर. बिघाड असं लिहिलं तर तुमचं नाव वर जाईल. तुमची चूक असं लिहिलं तर हॉस्पिटलच्या संशोधन समितीतले म्हणतील, जिची चूक आत नोंदवली ती बाई लेखकांच्या ओळीत कशी? त्यांना तुमचं नाव आधीच खुपतंय. मी भांडेन, पण बहुतेक हरेन. तुम्ही सांगाल तसं करू."

बाईंना सकाळची इस्त्री आठवली, दोन आडनावं आठवली. नाव हवं होतं त्यांना. फार हवं होतं. सव्वीस वर्षांत हवीशी वाटलेली ती एकच गोष्ट होती, आणि तीही त्यांनी मागितली नव्हती, आपणहून चालत आली होती.

"सर, बिघाड म्हटलं की लोक कॅमेरा बदलतील," त्या म्हणाल्या. "गॉज तेच राहील. उद्या कुठल्या तरी थिएटरात माझ्यासारखीच एखादी घाई करेल. तिला कळायला नको?"

"मग?"

"झालं ते लिहा."

सर हरले. भांडले मात्र खरोखरच. त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला असं शिपाई सांगत होता. तिसाव्या नोंदीसाठी पुढच्या आठवड्यात नवं ऑपरेशन झालं. स्वयंपाकी नाकातल्या पट्ट्या निघाल्यावर पंधरा दिवसांनी आला, "सिस्टर, तुमच्या थिएटरला भयंकर वास येतो हो," म्हणाला आणि दोन्ही डोळ्यांनी रडला.

आठ महिन्यांनी छापील निबंध आला. डॉक्टरणीने एक प्रत बाईंच्या हातात दिली, त्यांच्या पाया पडली आणि निघून गेली. संध्याकाळी बाई घरी पोचल्या तेव्हा नवरा एक मशीन उघडून बसला होता. त्याने तेलाचे हात लगबगीने पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या पानावरच्या नावांच्या ओळीवरून बोट फिरवलं. डावीकडून उजवीकडे. मग पुन्हा एकदा.

"कुठाय गं?"

त्याला सगळं माहीत होतं, बाईंनी त्याच रात्री सांगितलं होतं. तरी माणसाचं मन, शोधायचं ते शोधतंच.

"तिथे नाही. दे इकडे." बाईंनी तिसरं पान उघडलं आणि मधल्या एका ओळीखाली बोट ठेवलं. "हे वाच."

त्याने कागद दिव्याजवळ नेला आणि शाळेत वाचायचा तसा एकेक शब्द सुटा करत मोठ्याने वाचला. "एक नोंद वगळण्यात आली. कॅमेऱ्याच्या रंगजुळणीत झालेली चूक निरीक्षक परिचारिकेने शस्त्रक्रिया चालू असतानाच स्वतः निदर्शनास आणली."

"नाव इथंही नाही," तो म्हणाला.

"नाही."

मग त्याने घसा खाकरला, खुर्चीत ताठ बसला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली, या वेळी आणखी मोठ्याने. बाई चप्पलही न काढता दारातच उभ्या राहून ऐकत होत्या.